बॉनेटवरचा भुरका

"ताई, माझ्या गाडीला घामोळं आलंय."

सर असं म्हणाले तेव्हा मी हातातला पाण्याचा पाइप बंद केला. निवृत्त गणिताचे मास्तर, एरवी बोलणं मोजूनमापून. त्यांच्या तोंडून उपमा आली म्हणजे प्रकरण साधं नसणार. गाडी मरून रंगाची वॅगनआर, दहा वर्षांची, पण दर रविवारी पुसलेली. चार पावलांवरून नुसती धुळकट दिसत होती. जवळ जाऊन बॉनेटवर तळहात ठेवला आणि पुढे सरकवला. ओट्यावर बारीक रवा सांडलेला असावा तसं लागलं. फरक इतकाच, की रवा हाताबरोबर सरकतो, हा जागचा हलत नव्हता.

वाकून आडव्या उजेडात पाहिलं. करडे गोल ठिपके, खसखशीपेक्षा बारीक, हजारोंनी. बॉनेटवर, टपावर, पुढच्या काचेवर दाट. डाव्या दारांवर विरळ. उजव्या बाजूला औषधालाही नाही. वायपर उचलला, तर त्याच्या खाली काचेवर स्वच्छ पट्टा. म्हणजे जे पडलं ते गाडी उभी असताना पडलं, आणि डावीकडून आलं.

"कुठं रंगकाम चाललंय का, सर?"

"सोसायटीच्या गच्चीवर पत्र्याची शेड घातलीय. तिच्या पाइपांना रंग मारायलेत. कॉम्प्रेसर लावून. चार दिवस झाले."

पाच मजल्यांवर गच्ची, खाली मोकळ्यावर अकरा गाड्या. सर ठेकेदाराला विचारायला गेले, तर तो म्हणाला, "पावसात जाईल धुऊन." नोव्हेंबर चालू होता.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरला छोटं दुकान आहे, गाड्या धुण्याचं आणि चमकवण्याचं. त्याआधी त्याच जागेत वडिलांचं, आप्पांचं, डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. लहानपणी मी हा रंग उडताना बघितला, आता तो काढून पोट भरते. कारागीर 'डस्ट बसली' म्हणतात. आप्पा भुरका म्हणायचे. मला आप्पांचाच शब्द बरा वाटतो, कारण डस्ट म्हटलं की लोकांना ती फडक्यानं जाईल असं वाटतं, आणि ते फडकं घेतात.

पण गाडीवरचा प्रत्येक ठिपका भुरका नसतो, आणि आमच्या गावात तर हे आधी ठरवावंच लागतं. हंगाम सुरू झाला, साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या, की चिपाडाची काळी राख गाड्यांवर येऊन बसते. तिला पाण्याची धार पुरते. फक्त कोरड्या फडक्यानं पुसायचा मोह आवरायचा, नाहीतर बारीक ओरखडे पडतात. दुसरा पाहुणा फौंड्रीचा. शिरोलीला, गोकुळ शिरगावला कामाला जाणाऱ्यांच्या पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके येतात आणि मालक सांगतो, "रेड ऑक्साइड उडालाय." तो रंग नसतो. कास्टिंग ग्राइंडरवर घासताना उडालेला लोखंडाचा कण रंगात रुततो आणि दव पडलं की गंजतो. त्यासाठी वेगळं औषध मिळतं. फवारलं की दोन मिनिटांत दारांवरून जांभळे ओघळ यायला लागतात, लोखंडाशी त्याची गाठ पडली की रंग असा बदलतो. वास मात्र भयंकर. पार्लरमध्ये केस कुरळे करायच्या औषधात याच जातीचं रसायन असतं, त्यामुळे काही बायकांना तो वास लगेच ओळखू येतो. आणि तिसरा, तळघरातल्या पार्किंगचा: गळक्या स्लॅबमधून टपकलेलं चुन्याचं पाणी. ते ठिपक्यात नसतं, ओघळात असतं. त्यावर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर थोडा वेळ ठेवलं की मऊ पडतं.

रंगाचा ठिपका यांच्यात वेगळा कळतो. गोल, एकाच रंगाचा, आणि गाडीच्या एकाच अंगाला. सावली पडावी तसा.

सरांना हे पटलं, पण एक शंका उरली. "आमच्या समोर रस्त्यापलीकडं एक गाडी असते. तिच्यावरही आहे. इतक्या लांब कसा जाईल?"

गणिताच्या माणसाला उत्तर देण्यापेक्षा आकडे द्यावेत. मी म्हटलं, केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरा, म्हणजे मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले सत्तर. फवाऱ्याच्या ढगात १०० मायक्रॉनचे थेंब असतात आणि १० मायक्रॉनचेही. शंभरवाला सेकंदाला साधारण २५ सेंटिमीटर या वेगानं खाली येतो. सरांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या बिलबुकाच्या पाठीवर मांडलं: गच्ची १५ मीटर, म्हणजे एक मिनिट. वारा ताशी १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर. साठ सेकंदांत १६५ मीटर. पेन थांबलं. "हे तर चौकातल्या मारुतीच्या देवळापर्यंत गेलं." मग स्वतःच पुढे म्हणाले, "आणि दहा मायक्रॉनवाला?" तो सेकंदाला तीन मिलिमीटर उतरतो. सव्वा तासाच्या वर. तो कुठं उतरला हे कुणालाच सांगता यायचं नाही.

अर्थात सगळेच थेंब ओले पोचत नाहीत. इथं रंगाची जात कामाला येते. आप्पा गाड्यांना 'ड्युको' मारायचे. आपल्याकडे गॅरेजवाले आणि फर्निचरवाले अजून तो शब्द वापरतात. मुळात ते ड्यू पाँट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं नाव. १९२४ च्या ओकलंड गाड्यांना जनरल मोटर्सनं तो मारला आणि जिथं वार्निशचे हात वाळायला आठवडे लागत, तिथं काम तासांवर आलं. हा लॅकर इतक्या लवकर वाळतो की लांब उडालेला थेंब हवेतच कोरडा होतो आणि पिठासारखा पडतो. शेजारच्या गाडीवर पडला तरी बऱ्याचदा ओल्या फडक्यानं निघायचा. शेडच्या पाइपांना मारतात तो सिंथेटिक एनॅमल निराळा. तो नुसता सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतो. म्हणून त्याचा थेंब वाटेत ओलाच राहतो, ओलाच येऊन चिकटतो आणि मग तुमच्या बॉनेटवर बसून निवांत कडक होतो. पहिल्या तासा-दोन तासांत सापडला तर टर्पेंटाइनच्या फडक्यानं सुटतो. रात्र गेली की हट्टी. आठवडा गेला की बिऱ्हाड.

भिंतीचा पाण्यातला रंग, ज्याला आपण इमल्शन म्हणतो, तो ओला असेल तर नुसत्या साबणपाण्यानं जातो. वाळला असेल तर कोमट पाण्यात भिजवलेला टॉवेल त्यावर अर्धा तास अंथरून ठेवायचा, मऊ पडतो. तरी नाही हलला तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं. सगळ्यात वाईट म्हणजे दोन डबे एकत्र करून मारायचे रंग, इपॉक्सी आणि पीयू. पूल, टाक्या, कारखान्यांच्या जमिनी यांना मारतात. ते रसायनानं आपल्या आपण घट्ट होतात आणि एकदा झाले की कुठल्याही साध्या द्रवाला दाद देत नाहीत. तसली गाडी आली तर मी आधीच सांगते, घासाई करावी लागेल आणि खर्च येईल.

रंग फवारायची गन म्हणजे तरी काय, गळ्यात औषध फवारायचं यंत्रच. अमेरिकेत टोलीडो गावात डीव्हिल्बिस नावाच्या डॉक्टरांनी १८८८ मध्ये घसा दुखणाऱ्यांसाठी फवारा काढला आणि त्यांच्या मुलानं १९०७ च्या सुमारास तीच युक्ती रंगाला लावली. जुन्या जोरदार दाबाच्या गनमधून निघालेल्या रंगाचा अर्ध्याहून जास्त भाग पत्र्यावर बसतच नाही, हवेत जातो. आता कमी दाबाच्या, जास्त हवेच्या गन आल्यात, त्यांच्यात निदान ६५ टक्के रंग जागेवर लागतो. पाइपासारख्या बारीक वस्तूवर मात्र कुठलीही गन धरली तरी निम्मा फवारा पाइपाच्या दोन्ही बाजूंनी निघून जाणार. शेडच्या पाइपाला दोन इंची ब्रश पुरतो, हे मी सोसायटीत कुणाला सांगायला गेले असते तर ठेकेदार म्हणाला असता, ताई, तेवढ्यानं चार दिवसांचे बारा होतात. त्याचंही खोटं नाही.

आप्पांच्या गॅरेजमध्ये गन हातात घेण्याआधी तासभर झाकाझाक चाले. रद्दीतले 'पुढारी' काचांवर चिकटपट्टीनं लावायचे, चाकांना पोती, शेवटी जमिनीवर पाणी मारायचं, म्हणजे धूळ उठत नाही. एवढं गाडीचं जपणार आणि स्वतःच्या तोंडाला फक्त ओला रुमाल. रात्री नाक शिंकरलं की रुमालात त्या दिवशीच्या गाडीचा रंग. आई धुणं भिजवताना सांगायची, आज निळी होती वाटतं. मी सध्या साधा थिनर वापरायचा तरी हातमोजे आणि काडतूसवाला मास्क घालते. पोरं हसतात.

आता सरांच्या गाडीवर यायला हवं, पण त्याआधी एका फियाटची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण मी जे करत नाही ते तिच्यामुळे.

मी एकोणीस वर्षांची होते. एका डॉक्टरांची पांढरी प्रीमियर पद्मिनी दाराच्या बिजागरीसाठी आली होती, आणि शेजारी आप्पांनी जीपला हिरवा मारला. फियाट झाकायची राहिली. बॉनेटवर हिरवा भुरका. आप्पा जेवायला गेले होते. मी ठरवलं, ते यायच्या आत काढून टाकू. कापसाचा बोळा थिनरमध्ये बुडवला आणि फिरवला. हिरवा लगेच निघाला. खूश होऊन मी तळव्याएवढी जागा पुसली, मग अजून थोडी. मिनिटभरानं बघते तर पुसलेल्या जागी पांढरा रंग फुगून आला होता. दुधावर साय धरते तशी, आणि साय जशी बोटानं ढकलली की चुरगळते तसाच तो चुरगळला. मी बोट लावलं ही आणखी एक चूक.

आप्पा आले, बघितलं, बोलले नाहीत. नखानं कडा खरवडली. मग म्हणाले, "कंपनीचा रंग नाही हा. कुणीतरी एनॅमल मारून दिलाय." अख्खं बॉनेट पत्र्यापर्यंत उतरवून पुन्हा करावं लागलं, तीन दिवस, आमच्या खर्चानं.

कारण समजून घ्यायला गाडीचा रंग उभा कापून बघायला हवा. कारखान्यात पत्र्यावर पहिल्यांदा गंजरोधक थर बसतो, गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून आणि वीज सोडून. त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक थर, ज्याला आपण क्लिअर कोट म्हणतो. सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या एखाद-दीड पानाएवढं. त्यातला क्लिअर ४०-५० मायक्रॉनचा. तुम्ही ज्याला गाडीची चमक म्हणता ती केसापेक्षा पातळ असते. पण हा थर भट्टीत साधारण १४० अंशांना भाजलेला असतो, त्याच्या साखळ्या एकमेकींत गुंतून पक्क्या झालेल्या असतात. टर्पेंटाइनचं फडकं त्याच्यावरून फिरून जातं, त्याला काही होत नाही. गल्लीत मारलेल्या रंगाचं तसं सांगता येत नाही. तो चांगला टू-के, म्हणजे दोन डबे एकत्र करून मारलेला, असेल तर टिकतो, एनॅमल असेल तर फुगतो, जुना लॅकर असेल तर विरघळून फडक्याला लागतो. वरून तिन्ही सारखेच चमकतात.

म्हणून भुरका काढायला बसलं की पहिला प्रश्न भुरक्याचा नसतो, खालच्या रंगाचा असतो. आप्पा टिचकी मारून आवाजावरून सांगायचे. मला तो कान नाही. माझ्याकडे जाडी मोजायचं यंत्र आहे, काडेपेटीएवढं. सरांच्या टपावर आकडा आला ११२. दारांवर ११८, १२१. बॉनेटवर २४७.

"बॉनेट कधी केलंत?"

सर ओशाळले. "गेल्या वर्षी. गुळाच्या गाडीला मागून टेकली होती."

झालं. बॉनेटला कुठलाही द्रव लावायचा नाही हे तिथंच ठरलं. बाकी गाडीसाठी दाराच्या आतल्या कडेवर, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं टर्पेंटाइनचा एक थेंब देऊन बघितला. ठिपका किंचित मऊ झाला आणि पसरला. चार दिवसांचा एनॅमल. पसरवण्यात अर्थ नव्हता. मग माती काढली.

'माती' हा माझ्याकडच्या पोराचा शब्द. बाजारात क्ले बार म्हणून मिळतो, साबणाच्या छोट्या वडीएवढा. खरं तर त्यात माती औषधापुरतीही नसते; चिवट, लवचीक प्लास्टिकसारखा गोळा आणि त्यात मळलेली अतिशय बारीक पूड. ही वस्तू जपानची. तादाओ कोदाते यांना तिच्यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, आणि त्याच्या मथळ्यात तिला जे म्हटलंय ते आपल्या भाषेत सांगायचं तर लवचीक सहाण. मला हे वर्णन फार आवडतं. चंदनाची सहाण कडक असते, म्हणून खोड झिजतं. ही सहाण पत्र्याच्या वळणाबरोबर वाकते, सपाट रंगावरून घसरून जाते, आणि वर डोकं काढून बसलेल्या ठिपक्याला मात्र अडते. त्याला मुळापासून कापते आणि पोटात घेते.

सगळा हिशेब या 'डोकं काढून बसलेल्या' वर आहे. भुरका रंगाच्या आत शिरलेला नसतो, वर बसलेला असतो. ओरखडा खोल जातो, भुरका उंच येतो. म्हणून त्याला खालच्या थराला हात न लावता उचलता येतं. थिनरला वर काय आणि खाली काय हे कळत नाही. मातीला कळतं.

गाडी आधी शाम्पूनं दोनदा धुतली आणि सावलीत घेतली. पत्रा गार हवा, हाताला उन्हाची ऊब लागली तरी थांबायचं. बाटलीत लिटरभर पाणी आणि त्यात झाकणभर शाम्पू, हे निसरडेपणासाठी. वडीचा एक तुकडा तोडून हातात मळला, पुरणपोळीचा उंडा करतो तसा, आणि चपटा केला. पोळीएवढा नाही, साटोरीएवढा. दोन वीत लांब-रुंद जागेवर भरपूर पाणी फवारलं, उंडा ठेवला आणि तीन बोटांनी पुढं-मागं सरकवायला लागले. गोल फिरवायचा नाही, सरळ रेषेत. जोर द्यायचा नाही, उंड्याचं वजन आणि बोटांचं वजन एवढंच. पहिल्या फेरीला खर्र-खर्र असा आवाज येतो आणि बोटांना कंप लागतो. चौथ्या-पाचव्या फेरीला आवाज बारीक होतो. मग एकदम जातो. उंडा तेलावरून घसरल्यासारखा पळायला लागतो, आणि ते बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं.

उंडा उलटा करून सरांना दाखवला. पिवळ्या मातीवर करडी खसखस. ती बाजू आत दुमडली, पुन्हा मळला, स्वच्छ बाजू वर आणली. हे दर दोन वितींना करावं लागतं. आळस केला तर तुम्ही निघालेलाच भुरका गाडीवर घासत बसता. आणि उंडा जमिनीवर पडला तर तो सरळ कचऱ्यात. धुऊन चालत नाही, खडे आत रुतलेले असतात. माझ्या पोराकडून पहिल्या महिन्यात तीन पडले. तीन-चारशे रुपयांची वडी, जीवावर येतं, पण पूर्ण दार ओरबाडण्यापेक्षा स्वस्त.

टपाला पाऊण तास गेला. बॉनेटला सव्वा, कारण तिथं मी पाणी दुप्पट ठेवलं आणि हात निम्मा. सर स्टुलावर बसून होते. मधे एकदा त्यांना विचारलं, दुधाची रिकामी पिशवी आहे का. पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून धुतलेल्या रंगावरून बोटं फिरवली की नुसत्या बोटांना न लागणारा दाणाही लागतो. असं का होतं ते सरांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही मास्तर, तुम्ही सांगा. ते विचार करत बसले, तेवढ्यात माझं दार झालं.

काच सोपी. साबणाचं पाणी फवारून दाढीचं नवं पातं अगदी आडवं धरलं की ठिपके सालीसारखे निघतात. एकाच दिशेनं ढकलायचं, ओढायचं नाही. पण पातं फक्त बाहेरच्या काचेला. हेडलाइटला कधीच नाही. हेडलाइट काचेचे नसतात, पॉलिकार्बोनेटचे असतात, वर पातळ कवच. त्यांना पातंही नको, थिनर तर नकोच. त्यांनाही उंडाच, हलक्या हातानं. नंबरप्लेटवरच्या चमकत्या कागदाला द्रव लावला तर त्याची चमक जाते. आणि बंपरखालचं काळं खरखरीत प्लास्टिक ही सगळ्यात कटकटीची जागा. भुरका त्याच्या खळग्यांत बसतो, उंडा वरून निघून जातो. जुना टूथब्रश, साबण आणि सहनशक्ती. तरी थोडा राहतोच. राहिला हे गिऱ्हाइकाला आधी सांगावं, नंतर ते स्वतः शोधून काढतं.

संध्याकाळी उन्हं उतरताना गाडी दारात काढली. माती फिरली की गडद रंगावर पुसटसे धुरकट पट्टे राहतात, ते त्या आडव्या उजेडात दिसायला लागले. त्यावर मऊ पॉलिशचा एक हात दिला. पॉलिश क्लिअरमधून एखाद-दोन मायक्रॉन घेऊन जातं, म्हणून त्याचाही हात एकच. शेवटी मेण. मेण राहिलेलं असलं तर पुढच्या भुरक्याची पकड ढिली होते.

एवढ्यात सरांच्या सोसायटीतल्या आणखी दोन गाड्या आल्या. सरांनी फोन केले असावेत. एका पांढऱ्या गाडीच्या मालकानं शेजाऱ्याचं ऐकून भांड्याची हिरवी घासणी वापरली होती. भुरका खरंच गेला होता. त्या जागी बॉनेटभर जाळं होतं, दुपारच्या उन्हात कोळिष्टकासारखं. त्याला मशीननं पॉलिश करावं लागलं आणि तरी खोल रेघा राहिल्या. दुसऱ्यानं हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आणून हेडलाइट पुसले होते. ते आतून धुकं भरल्यासारखे झाले होते, आणि जवळून बघितलं तर त्यात केसाएवढ्या चिरा. ते मी हातात घेतलेच नाहीत. नवे घ्या म्हटलं. तो म्हणाला, "भुरका तर गेला ना?" त्याला काय सांगणार.

तेव्हा माझ्या गिऱ्हाइकांना मी एवढंच सांगते की ठिपके दिसल्या दिवशी काही पुसू नका. मोबाइलवर फोटो काढा, जवळून आणि लांबून, मागे ती शेड किंवा रंगाऱ्यांचा झुला दिसेल असा. रंग कुठला आहे ते डब्यावर वाचून या. नाव कळलं तर माझं निम्मं काम होतं. गाडीला कुठं पूर्वी रंग मारलाय ते खरं सांगा. पेट्रोल तर हातात घेऊच नका, तो आगीशी खेळ आहे. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी शेडचा विषय काढला तर ब्रशचा आग्रह धरा, नाहीतर काम सकाळी वारा पडलेला असताना उरका आणि त्या दिवसापुरत्या गाड्या हलवा. कापडी कव्हर घालून निश्चिंत होऊ नका. रंग त्यातून झिरपून चिकटतो आणि मग आधी कव्हर सोलावं लागतं.

सरांनी पैसे दिले, पावती मागितली, ठेकेदाराला दाखवायची म्हणून. मी पावतीवर तारीख, तास आणि 'करडा एनॅमल भुरका, डावी बाजू, टप, बॉनेट' असं सविस्तर लिहून दिलं. त्यांनी पिशवी हातात घालून बॉनेटवरून बोटं फिरवली, डोळे मिटून, नाडी बघतात तशी. समाधान झालं असावं, कारण पिशवीची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन.

"ताई, एक विचारायचं होतं. उद्या शेडला दुसरा हात मारणार म्हणे. गाडी दोन दिवस तुमच्या दुकानात लावली तर चालेल का?"

मी म्हटलं, लावा. मग आठवलं तेव्हा विचारलं, "पावतीचं काय झालं, सर?"

"दाखवली. त्यानं नीट वाचली. म्हणाला, अक्षर छान आहे."